दोघांत एक तार

उद्यमनगरातल्या एका कारखान्यात पत्रा कापायचा प्रेस होता. त्याला छोटा कॉम्प्युटर बसवायचं काम मी घेतलं, ऐंशीच्या दशकात. अंगात मस्ती होती हो! अख्ख्या कोल्हापुरात हे फक्त मलाच जमतं, असा तोरा.

बाहेरून कॉम्प्युटरला हाक मारायला एकच तार उरली होती. ती मी दोघांत वाटली. एक, तयार नग मोजणारा सेन्सरचा डोळा. दुसरा, हात आत आला की प्रेस थांबवणारा. तारेवर हाक आली की प्रोग्रॅमनं दोघांनाही विचारायला हवं, "तू बोलावलंस का?" माझा प्रोग्रॅम आधी मोजणाऱ्याला विचारायचा आणि तो हो म्हणाला की परत फिरायचा. तेवढाच वेळ वाचतो! दोघांनी एकदम हाक मारली तर दुसऱ्याची वाया जाणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

प्रेसवर मंगळवार पेठेतले एक मिस्त्री होते, वीस वर्षं त्याच कामावर. एका दुपारी त्यांची दोन बोटं गेली. चार दिवसांनी हाताला पट्टी बांधून आले आणि मालकांसमोर म्हणाले, "हात आत हुता, मशीन थांबाय पायजे हुतं. थांबलं न्हाय की."

"मशीन खोटं बोलत नाही, मिस्त्री. तुमचंच लक्ष नव्हतं," मी ठणकावलं. लाकडी पट्टी घालून दहादा दाखवलं. दहाही वेळा प्रेस थांबला. मालकांनी मिस्त्रींना गेटवर बसवलं.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा तपासत असताना नेमका नग पडायला आणि लाकडी पट्टी आत जायला गाठ पडली, आणि प्रेस थांबला नाही. दोघांनी एकदम हाक मारली होती. दोघांनाही विचारायला लावणाऱ्या चार ओळी प्रोग्रॅममध्ये गुपचूप वाढवल्या. कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर माझं नाव गेलं असतं. भ्याड होतो, दुसरं काय!

खंडेनवमीला प्रेसची पूजा दरवर्षी मिस्त्रीच करायचे. त्याही वर्षी गेटवरून आत आले. उरलेल्या बोटांनी हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"सायब, त्या दिवशी उलटं बोललो, राग धरू नका. माझंच ध्यान नव्हतं बघा. घरातबी तसंच सांगितलंय."

खोबरं हातात धरून मी म्हणालो, "असू द्या, मिस्त्री."

मी त्यांना माफ केलं. मी!