गुटीच्या हिशेबानं

माझी लेक दोन महिन्यांची असताना तिचं काळीज मोजता येऊ नये इतकं भरधाव धावायला लागलं. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी ते औषधानं आवरलं. घरी सोडताना बजावलं, की औषध दूध पाजल्यावरच द्यायचं, सिरिंजवरच्या खुणेपर्यंतच. आणि बाळ ओकलं तरी मनानं पुन्हा द्यायचं नाही, आधी फोन करायचा. निलंग्याला आल्यावर मी हे सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

सासूबाई म्हणजे आमच्या गल्लीची गुटीवाली. वेखंड, जायफळ सहाणेवर किती वळसे उगाळायचं, हे बाया त्यांना विचारायला येत. बाळानं गुटी ओकली तर पुन्हा उगाळून चाटवायची, हा त्यांचा जन्माचा नेम. मला त्या सहाणेचा रागच यायचा, पण बोलायची सोय नव्हती.

त्या दुपारी लेकीला औषध पाजून मी धुणं धुवायला मागे गेले. परत आले तर ती सासूबाईंच्या मांडीवर गाढ झोपलेली. एरवी रडून घर डोक्यावर घेणारी पोर. औषधाला गुण आला म्हणून मी खूश झाले. दुधाची वेळ टळली तरी ती उठेना. पाय गार लागले. छातीवर हात ठेवला, तर ठोका शोधावा लागत होता. मी आजवर धावत्या ठोक्यालाच भीत आले होते.

मिळेल त्या जीपनं आम्ही दोघींनी तिला घेऊन लातूर गाठलं. औषध किती वेळा दिलं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. एकदाच, मी ठणकावून सांगितलं. सासूबाई दाराशी उभ्या होत्या.

"म्या दिलं पुन्यांदा," त्या म्हणाल्या. "वकली होती. गुटी देतो तसंच दिलं."

त्यांचा गळा धरावासा वाटला मला. डॉक्टरीणबाईंनी मात्र लगेच वायरी लावल्या, रक्तातली साखर तपासली. दुप्पट औषधानं ठोक्यासोबत तीही उतरली होती. सलाइनमधून साखर सुरू केली, पुढचा डोस थांबवला. खरं कळलं नसतं तर संध्याकाळचा डोस मीच पाजला असता, हे मला फार उशिरा उमगलं.

औषध अजून चालू आहे, खुणेपर्यंतच. सासूबाई त्या बाटलीला हात लावत नाहीत. लेक जरा जास्त वेळ झोपली की घरातलं कुणीतरी जाऊन तिला हलवतं. ती चिडून भोकाड पसरते. मी तिला उचलायला धावते, तर सासूबाई माझा हात धरतात.

"रडू दे माय," त्या म्हणतात. "रडू दे तिला."