‘माय’ची ‘आई’ केली

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, आज नागपुरात वाचन-लेखनाचं प्रशिक्षण देताना मी कुहीकडच्या तिसरीतल्या एका मुलीच्या वहीतलं वाक्य फळ्यावर लिहिलं : ‘मले मायची आठवण येऊन राहिली.’

“तपासा,” मी म्हणाले. सगळ्यांनी ‘मले’चं ‘मला’ केलं, ‘माय’ची ‘आई’ केली, ‘येऊन राहिली’चं ‘येत आहे’. मी शाबासकीही दिली.

मागून त्या मुलीच्या वर्गशिक्षिका उठल्या. “मॅडम, मीबी असंच लाल पेननं सुधरवलं. पोरीची माय वारली, हे मले माहीत होतं. तरी मले चुकाच दिसल्या. तेव्हापासून पोरगी स्वतःचं काहीच लिहीत नाही.”

बाईंच्या तोंडचं ‘मले’ मात्र कुणालाच खटकलं नाही.

त्या पानावर आता काय लिहू, असं त्यांनी विचारलं. तोच प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवते. तुम्ही काय लिहाल?