आक्का विचारून जायची

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी तोंडवलीच्या किनाऱ्यावर दुसऱ्याच्या जाळ्यात अडकलेले कुर्ले सोडवत बसलो होतो. गोव्याच्या इस्पितळातून माझी बायको सुनंदा बोलत होती. "आक्का गेली ओ..." एवढंच म्हणाली. मी फोन खिशात टाकला आणि हातातल्या कुर्ल्याची नांगी मुळापासून मोडली. मग दुसरी. मग पुढच्या कुर्ल्याची. रडू आलं ते फार नंतर.

आक्का म्हणजे शालन, माझी थोरली बहीण. नवरा समुद्रात बुडाल्यावर ती माहेरी आली आणि माझ्या होडीची मासळी बाजारात विकू लागली. मासे कापायच्या विळीला आमच्याकडे आडाळो म्हणतात. तिची जीभ त्याहून धारदार. कुणी बांगडा दाबून "ताजो आसा मां?" विचारलं की म्हणायची, "तुझ्यापेक्षा तरी ताजो आसा, मेल्या! आधी आरशात तोंड बघ, मगे ह्याचे डोळे बघ." गिऱ्हाईक हसत हसत दोन बांगडे जास्त घेऊन जायचं.

तिचं पोट बिघडलं ते कधी, मला नक्की सांगता येत नाही. तिनं सांगितलंच नाही. बाजारात बसलेल्या बाईनं उठून जायचं कुठं? म्हणून ती सकाळपासून काही खायचीच नाही. रक्त जायचं, ते मूळव्याधीवर ढकलून पाला वाटून प्यायची. अशी कितीतरी वर्षं गेली. मग तिच्या डोक्यात काहीतरी सरकायला लागलं. ओळखीच्या बायकांची नावं विसरायची. बोलता बोलता थांबायची आणि हातातल्या सुरमईकडे, ही इथं कशी आली, अशा नजरेनं बघत राहायची. रात्ररात्र झोप नाही. आणि राग... एका बाईनं मासळी शिळी म्हटली तर आक्कानं आडाळो उचलून फेकला. तो बाईच्या कानाजवळून गेला आणि मागच्या फळीत रुतला. मी तिला दंडाला धरून फरफटत घरी आणली आणि घरापुढच्या खळ्यात मुस्काटात मारली. तिच्यावर उचललेला हा माझा पहिला हात.

त्यानंतर तिचं बाजारात जाणं बंद केलं, आणि घर बाजारापेक्षा वाईट झालं. भांडी, खिडकीची काच, माझं डोकं, जे समोर येईल ते फुटायचं. एका दुपारी सुनंदानं कढी तिखट केली म्हणून आक्कानं उकळतं भांडं तिच्या अंगावर भिरकावलं. सुनंदाचा हात कोपरापर्यंत सोलला. मी जाळ्याचा दोर घेतला आणि आक्काला अंगणातल्या माडाला बांधली. तोवर वाडी गोळा झाली होती. हे झाड लागलंय, बाहेरची बाधा आहे, यावर सगळ्यांचं एकमत होतं. कुणीतरी घाड्याला घेऊन आलं. गाऱ्हाणं घालणारा, अंगातलं उतरवणारा आमच्या वाडीचा माणूस. त्यानं नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं आणि ओल्या शिमटीनं, बारीक फोकानं, आक्काला मारायला सुरुवात केली. ती आधी शिव्या देत होती. मग शिव्या थांबल्या.

"बाबल," ती मला म्हणाली, अगदी हळू, तिच्या नेहमीच्या आवाजात. "माका परसाक जावचा आसा रे. सोड माका."

मी गाठीला हात घातला. घाडी ओरडला, "सोडू नको! तां असांच सांगतलां. पाणी मागतलां, परसाक जावचा म्हणतलां. सोडलंस काय गेलां हातातसून!"

मी हात मागे घेतला. तिनं पुन्हा विचारलं. परत परत विचारलं. शेवटी घाड्यानं शिमटी माझ्या हातात दिली, घरच्या माणसाचा मार लागतो म्हणाला, आणि मी मारलं. मोजून नव्हे, सुटून मारलं. सुनंदाचा हात आठवून मारलं, फळीत रुतलेला आडाळो आठवून मारलं. आक्काच्या लुगड्यातून रक्त आणि घाण पायावर ओघळली, तेव्हा सगळी वाडी बघत होती. एक म्हातारी पुटपुटली, "गेलां गो, बाहेर पडलां."

सुनंदानं भाजलेल्या हातानं तो दोर कापला. तीच आक्काला गोव्याला घेऊन गेली. मी मागाहून गेलो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, मोठ्या आतड्याचा जुनाट दाह. असा दाह वर्षानुवर्षं पेटत राहिला तर त्याची झळ मेंदूपर्यंत पोचू शकते, म्हणाल्या. स्मरण, झोप, राग, सगळ्यावर. मी विचारलं, "म्हणजे तो राग तिचा नव्हता?" त्या म्हणाल्या, "किती तिचा, किती आजाराचा, किती रक्त कमी झाल्याचा, असं कापून वेगळं नाही दाखवता येत. आम्हालाही अजून सगळं कळलेलं नाही." मग तिच्या पाठीवरचे वळ दाखवून विचारलं, "हे कुणी केलं?" मी सांगितलं, पडली.

औषधांनी आक्का निवली. मुरडा गेला, आरडाओरडा गेला. विसरणं मात्र राहिलं. नवऱ्याचं नाव गेलं, माशांची नावं गेली. पण मागीलदारी संडासाकडे जाताना ती माझ्यासमोर येऊन थांबायची आणि खालमानेनं विचारायची, "जाव काय रे, बाबल?" मी "जा गो" म्हणेपर्यंत हलायची नाही. मी घरी नसलो तर दारात उभी राहायची, कधी कधी लुगडं भिजेपर्यंत. म्हणून मी होडीवर जाणं सोडलं. लोकांना वाटलं, भावाची माया. पुन्हा रक्त जायला लागलं तेव्हा सुनंदाच तिला परत गोव्याला घेऊन गेली.

बाराव्याला जेवायला बसलेले लोक तेच म्हणत होते. त्या दिवशी घाड्यानं उतरवलं म्हणून बिचारी शांत झाली. मी पानावर भात वाढत होतो. आजवर अशा वेळी मी मान डोलवायचो. त्या दिवशी डोलवली नाही, पण बोललोही नाही. म्हणून हे लिहितोय. आक्काला झाड लागलं नव्हतं. ती आजारी होती. मी आजारी नव्हतो.

मागीलदारच्या संडासाचा कडीकोयंडा, आक्काला कुठं अडायला नको म्हणून, मी तेव्हाच काढून टाकला होता. आता वारा सुटला की ते दार आपटतं. सुनंदा म्हणते, कडी लावून घ्या. मी लावत नाही. दार वाजलं की हातातलं काम थांबतं आणि मी म्हणतो, "जा गो, आक्का."

सुनंदा चुलीपुढून ऐकते.