कड्याखालचं वावर

दिलवरसिंग आबांचं मी वाटोळं केलं, तेव्हा त्यांचं नावही मला ठाऊक नव्हतं.

मी जळगावात उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करतो. काही वर्षांपूर्वी चोपड्याच्या वरच्या अंगाच्या सातपुड्याचा नकाशा करायचा होता. हाताशी २००५ सालची दोन चित्रं होती. मेच्या चित्रात सूर्य डोक्यावर, त्यामुळे डोंगर चपातीसारखा सपाट. डिसेंबरच्या चित्रात सूर्य दक्षिणेला कललेला. एक बाजू उजळ, दुसरी काळी, त्यामुळे प्रत्येक सोंड, प्रत्येक नाला उठून दिसायचा. मी डिसेंबर निवडला. वर शहाणपणा करून सावल्या आणखी गडद केल्या. साहेब म्हणाले, "वा, हितेंद्र!" महिनाभर मी हवेत होतो.

तोच नकाशा पुढे वनहक्काच्या दाव्यांना जोडला गेला. त्या साली तुम्ही जमीन कसत होतात असं दिसलं तर ती तुमच्या नावावर, नाहीतर जंगलाची. आबांचं चार एकर वावर कड्याच्या उत्तरेला, अगदी पायथ्याशी. नकाशात तिथे काळाकुट्ट डाग. शेरा पडला : दाट जंगल.

सून रोहिणीला घेऊन आबा विचारत विचारत माझ्यापर्यंत आले. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "भाऊ, हाई जंगल नही. हाई कडानी सावली शे. हिवायामा तठे दुपारलेच ऊन पडस."

मला शिकायला दोन वर्षं लागली, ते हा माणूस जन्मापासून जाणत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी मूळ चित्र शोधून सावली उजळवली. पुसट का होईना, बांध दिसले. जीव भांड्यात पडला. पण सुनावणीत अधिकारी म्हणाले, "हे तुम्ही रंगवलंय."

"साहेब, पहिलंही मीच रंगवलं होतं."

"मग तुमच्या कुठल्याच कागदावर विश्वास कसा ठेवायचा?"



उरलं मेचं चित्र. त्यात सावलीची भानगड नव्हती. पण साग निष्पर्ण, शेत रिकामं, सगळं सारखंच मातकट. आबांच्या चार एकरांत तेवढे अकरा हिरवे ठिपके. ते महू, म्हणजे मोहाची झाडं. वावर काढताना आबांच्या लोकांत महू तोडत नाहीत. त्याची फुलं घर चालवतात, त्याला हात जोडतात. आबांच्या वडिलांनी बाकी सगळं साफ केलं आणि महू राखले.

"जंगल नाही, तर मग ही झाडं कसली?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

रोहिणी भडकली. "तोडली असती, तर दिली असती का जमीन?"

दावा फेटाळला गेला. वरचं अपीलही त्याच दोन चित्रांवर बुडालं. बस स्टँडवर आबांनीच मला चहा पाजला.

यंदा उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "भाऊ, खड्डा खंदानं काम भेटनं. सरकार झाडे लावस."

"कुठे, आबा?"

"मनाच वावरमा."

पलीकडून आबा कौतुकाने सांगत होते, खड्डे कसे एका ओळीत दोरी लावून घेतलेत ते. मग थांबून त्यांनी विचारलं, "आते तरी वरथीन दखाई का, भाऊ?"

"हो आबा," मी म्हणालो, "आता दिसेल."