हळदीचा चाकू

माझ्या सासऱ्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात उघडा चाकू होता. आता हे सांगितलं की माहेरचे लोक पोट धरून हसतात, पण त्या दिवशी अमरावतीच्या आमच्या बैठकीत कुणीही हसलं नव्हतं. मुलगी पाहायला आलेली मंडळी, मी खाली मान घालून उभी, आणि अकोटजवळच्या खेड्यातून आलेल्या या खुशालरावांनी बंडीच्या खिशात हात घालून घडीचा चाकू काढला आणि अंगठ्याच्या नखानं खट्कन उघडला. माझ्या काकूच्या हातून बशीच निसटली. खुशालरावांनी समोरचं सफरचंद उचललं, सावकाश फोडी केल्या, पातं धोतराला पुसलं आणि पहिली फोड माझ्यासमोर धरली.

"खाय बाई," ते म्हणाले. "उभी राहून दमली असशीन."

मी त्याच घरात सून म्हणून गेले. मी तापट आहे, हे आमच्या घरात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. चाकूवरून मी मामाजींशी पहिल्याच महिन्यात भांडले. (सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात.) ज्या पात्यानं नखातली माती काढायची, त्यानंच पेरू कापायचा, हे मला सहन होईना. मामाजी सगळं ऐकून घ्यायचे, चाकू धोतराला दोनदा पुसायचे आणि पेरू कापायचे.

त्या चाकूचा मान घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल होता. आमच्याकडे एकदा हळद लागली की नवरदेव रिकाम्या हातानं फिरत नाही. काहीतरी लोखंडी हातात हवं आणि त्याच्या टोकाला लिंबू. लोक कट्यार मागून आणतात आणि लग्न उरकलं की परत करतात. मामाजींनी कुणाकडे मागितली नाही. स्वतः बाजारात जाऊन हा चाकू निवडला, शिंगाच्या मुठीचा, पितळी खिळ्यांचा. हळद उतरली, लिंबू फेकलं, चाकू मात्र खिशातच राहिला. "मायी बायको अन माया चाकू एकाच हळदीतले," असं ते चारचौघांत सांगायचे आणि माझ्या सासूबाई, कौशल्याबाई, पदराआड तोंड लपवायच्या.

गावात कुणाला चाकू घ्यायचा असला की तो मामाजींना सोबत न्यायचा. पोरीला स्थळ पाहायला जावं तसे हे निघायचे, धुतलेली टोपी घालून. पातं उघडलं की ते डावीउजवीकडे हलवून पाहायचं, हललं तर बाद. मूठ घामेजल्या हातात धरून पाहायची, सटकली तर बाद. मिटताना बोटाला चावणारा तर हातातही घ्यायचा नाही. पण खरी परीक्षा उघडण्याची. एका हातात बैलाचा कासरा असतो, तो बैलाच्या मानेला आवळला तर चाकू उरलेल्या एका हातानं उघडता आला पाहिजे. "वक्तावर उघडत नाई तो चाकू नाई, लोखंडाचा तुकडा हाय," हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यांनी तोंड उघडलं की मीच ते पुरं करायची.

म्हणून गेल्या हिवाळ्यात, कापूस वेचणीच्या दिवसांत, जेवता जेवता ते म्हणाले, "ज्योत्स्ना, मले अकोटले ने. चाकू घ्या लागते," तेव्हा आम्हाला वाटलं, घ्यायचा असेल कुणाला तरी.

"कोनासाठी?" माझ्या नवऱ्यानं, गोपालनं विचारलं.

"मायासाठी."

गोपालचा घास हातातच राहिला. "जुना हरपला काय?"

"खिशात हाय."

"मोडला?"

"नाई."

मी आईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे पाहिलं. त्या चुलीपुढे भाकर थापत होत्या. हात थांबले होते आणि तव्यावरची भाकर करपत चालली होती. हळदीचा चाकू बदलायचा म्हणजे काय, हे त्या घरात कुणालाही कळलं असतं. मला वाटलं आता त्या रडतील, निदान दोन शब्द तरी सुनावतील. त्या फक्त म्हणाल्या, "नेऊन आण बाई त्यायले."

मला मात्र धक्काच बसला आणि मागोमाग संताप आला. अलीकडे ते थोडं विसरत होते, चहात साखर घालून पुन्हा साखर घालायचे, मला कधी त्यांच्या बहिणीच्या नावानं पार्बता म्हणायचे, आम्ही हसून सोडून द्यायचो. पण हे काय? मी सरळ ठरवून टाकलं की म्हाताऱ्याला म्हातारचळ लागला.

निघताना त्यांनी जुना चाकू खिशातून काढला आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. चाकू हातातून हातात देत नाहीत, भांडणं होतात म्हणतात. "उचल," ते म्हणाले. "तुयापाशी ठेव. मी मांगतला तरी देजो नोको." मी उचलला आणि कपाटात वरच्या कप्प्यात, साड्यांच्या खाली ढकलून दिला. ढकलून म्हणजे आपटूनच.

अकोटला देवमनचं दुकान आहे. विळे, खुरपी, भाजी चिरायच्या पावश्या, कुऱ्हाडी आणि एका पत्र्याच्या डब्यात घडीचे चाकू. मामाजींना पाहून तो उठून उभा राहिला.

"या काका. आज कोनासाठी?"

"मायासाठी."

डब्याचं झाकण देवमनच्या हातातच राहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार, मी दुसरीकडे पाहिलं. मग त्यानं मन लावून एकेक चाकू काढून फळीवर मांडला. शिसमाच्या मुठीचा, पितळी मुठीचा, एक अगदी जुन्यासारखाच शिंगाचा. मामाजी एकेक उचलत होते, नखानं उघडत होते. खट्. बाजूला. खट्. बाजूला. जो जितका झकास उघडे तितका लवकर ते बाजूला ठेवत होते.

"काका, याच्याहून सरस माल मायापाशी नाई," देवमन म्हणाला.

मामाजींनी डब्यात हात घालून तळाशी चाचपलं. एक काळपट चाकू वर आला. नख खाचेत घातलं, ओढलं, नख निसटलं. पुन्हा ओढलं. दात आवळले, मान ताणली, नख वाकलं, पातं जागचं हललं नाही. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं.

"हा दे," ते म्हणाले.

"काका, तो उघडत नाई. कमानी आखडली हाय. थांबा, तेल टाकून मोकया करून देतो."

"तेल टाकू नोको."

"असा माल मी तुमाले देल्ला त लोकं मायावर थुकतीन," देवमन म्हणाला. चाकू पारखायला ज्याच्याकडे गाव येतं त्या माणसानं फेकून द्यायचा माल पसंत केला, हे त्याला पाहवत नव्हतं. मलाही नव्हतं. पण मामाजींनी फळीकडे बोट केलं, देवमननं चाकू तिथं ठेवला आणि मामाजींनी तो उचलून बंडीच्या खिशात टाकला.

ते स्कूटीवर मागे बसले. मी गप्प बसणारी नाही. गावाच्या वाटेला लागल्याबरोबर मी सुरू झाले, चारचौघांत काय ही शोभा, आईंना काय वाटलं असेल, वक्तावर उघडत नाही तो चाकू की लोखंडाचा तुकडा, तुम्हीच सांगा आता.

"गाडी थांबव," ते म्हणाले.

रस्त्याच्या कडेला पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, होती. त्यांनी एक हिरवं बोंड तोडलं. बोंड दिसलं की चिरून अळी पाहायची, ही त्यांची कायमची सवय. खिशातून नवा चाकू काढला, नख घातलं, ओढलं. निसटलं. पुन्हा ओढलं. बोंड तसंच राहिलं.

"पाह्य," ते म्हणाले. "नाई उघडला. आता आयक."

मी गाडी स्टँडवर लावली.

"मंगयवारी दुपारी मी आंगनात बसलो होतो. घरातून एक बाई बाहीर आली. लुगडं कौशल्याचं, बांगड्या कौशल्याच्या. मले वाटलं, हे कोन? कौशल्याचं लुगडं नेसून मायाच घरात फिरून राहिली. कौशल्याचं काय केलं इनं? मी इचारलं, कौशल्या कुठी हाय? ते नुसती पाहे. मी चाकू उघडला."

मी गाडीची किल्ली काढून मुठीत धरली.

"मंग ते मनाली, अजी, चहा मांडू काय? आवाज कौशल्याचा. आवाजानं समजलं मले. पातं इतकं जवय होतं." त्यांनी आपला तळवा स्वतःच्या गळ्यापाशी नेला आणि लगेच खाली केला. "कोनाले सांगतलं नाई तिनं. चहा करून आनला."

मंगळवारी मी घरीच होते. तो चहा मीही प्यायले होते. आईंनी तेव्हा मला मिरच्या निवडायला सांगितल्या होत्या, आणि त्यांचा आवाज जराही हललेला नव्हता. हे आठवलं तेव्हा मला त्या प्रसंगापेक्षाही त्या आवाजाची भीती वाटली.

"मामाजी," मी म्हणाले, "मंग चाकू ठेवताच कावून? खिसा खालीच राहू द्या ना."

"खिसा खाली राह्यला त हात दुसरं धुंडते. घरात पावशी हाय, इळा हाय, कुऱ्हाड हाय. हाताले खिशातच गुतवून ठेवा लागते बाई." त्यांनी चाकू उलटासुलटा करून पाहिला. "हा उघडाले जेवढा येय लागन, तेवढ्यात कौशल्या बोलीन काईतरी. आवाज आयकला की मले समजते."

म्हणजे निवडला होता त्यांनी चाकू, नेहमीसारखाच, पारखून. फक्त या वेळी तो कोणासाठी चांगला असायला हवा हे वेगळं होतं. मी रस्त्यावर उभी राहून रडले, आणि ते तेवढा वेळ बोंड नखानं सोलून आत अळी आहे का पाहत होते.

पुढं अकोल्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि गोळ्यांनी तो सावकाश चालतो, मागं फिरत नाही, हेही सांगितलं. गोपाल दवाखान्याच्या जिन्यातच बसला. घरी आल्यावर मी आईंवर चिडले. एवढं होऊन तुम्ही बोलल्या कशा नाही?

"काय बोलू?" आई म्हणाल्या. "नवऱ्यानं मायावर चाकू उघडला मनू? त्यानं त मायासाठी उघडला होता."



उन्हाळा तोंडावर असताना एके दुपारी मामाजी अंगणात बाजेवर बसले होते. मी कडेला वाळवण पसरत होते. आई पेरूची टोपली घेऊन बाहेर आल्या. मामाजींनी वर पाहिलं आणि त्यांची नजर मला ओळखीची वाटली नाही. हात खिशात गेला. काळपट चाकू बाहेर आला.

"कौशल्या कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

"अजी, मीच हाव ना. कौशल्या," आई म्हणाल्या.

नख खाचेत गेलं, ओढलं, निसटलं. ते थांबले नाहीत. "कौशल्या कुठी हाय?" पुन्हा ओढलं. आई पुन्हा बोलल्या, नावानं, गावानं, पोराच्या नावानं. आवाज काही कामाचा राहिला नव्हता. ज्या एका गोष्टीच्या भरवशावर हा सगळा चाकू निवडला होता तीच सरली होती. नखातून रक्त आलं तरी ते ओढतच होते. मी उठायला गेले, तर आईंनी हातानंच मला थांबवलं.

आई त्यांच्यासमोर खाली बसल्या. कमरेला खोचलेलं काहीतरी काढलं. शिंगाची मूठ, पितळी खिळे. मी साड्यांच्या खाली ठेवलेला चाकू, तो आईंनी कधी काढून घेतला होता देव जाणे. धारेचा चाकू, त्या माणसासमोर, हातभर अंतरावर. आईंनी नख घातलं आणि खट्कन उघडला.

त्या आवाजासरशी मामाजींचा हात थांबला.

आईंनी पेरू कापला, पातं पदराला पुसलं, चाकू मिटला आणि दोघांच्या मधे जमिनीवर ठेवला. मामाजींनी आपल्या हातातला चाकू बाजेवर टाकला. वाकून तो जुना उचलला. उघडला. पातं डावीउजवीकडे हलवून पाहिलं. मूठ आवळून पाहिली. मिटला, पुन्हा उघडला, कान देऊन ऐकला. मग त्यांनी तो मिटला आणि जिथं होता तिथंच, जमिनीवर, आईंच्या पुढ्यात ठेवला.

"कोनाचा हाय हा?"

"माया मालकाचा," आई म्हणाल्या.

"निवडला कोनं?"

"त्यायनंच."

"पारखी मानूस हाय बाई," मामाजी म्हणाले. "कुठी हाय तो?"

आईंनी पेरूची फोड त्यांच्या हातावर ठेवली. रक्ताचा थेंब पदरानं टिपला.

"बाहीर गेले," त्या म्हणाल्या. "येतीन."

"मंग थांबतो मी. असा चाकू निवडनाऱ्या मानसाले भेटून जातो."

आणि अनोळखी बाईला खाली बसवणं बरं नव्हे म्हणून ते बाजेवर थोडे सरकले, आणि आईंना बसायला जागा करून दिली.