देशपांडे मॅडमचे पत्ते

शाळेत किस्से गोळा करावे लागत नाहीत, हजेरी घेता घेता आपोआप जमतात. आमची शाळा हर्सूलच्या पुढं. पट घसरला, तशी ती दुसऱ्या शाळेत विलीन करायची भाषा सुरू झाली. पोरं टिकावीत म्हणून माझ्या सहकारी देशपांडे मॅडमनी पत्त्यांवर विषय शिकवायला घेतले. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर त्या स्वतः पत्ते लिहायच्या.

पहिला खेळ गुलामचोर. धरण आणि नदी अशी जोडी लावायची. शेवटी बिनजोडीचं पान ज्याच्या हातात, तो चोर. दुसऱ्या दिवशी एक आई तणतणत आली.

"माझ्या पोरीला चोर कोण म्हणलं?"

"अहो, खेळ आहे तो. तिच्याकडं जायकवाडी उरलं. गोदावरी मी आधीच काढून ठेवली होती."

"मग चोर तुम्हीच की, बाई."

एकदा केंद्रप्रमुख अचानक आले. दार वाजताच पोरांनी पत्ते दप्तरात, शर्टात, बुडाखाली लपवले. हे शाळेनं शिकवलेलं नव्हतं.

"काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"काय नाय सर, नुसतं बसलोय," पुढची पोरगी म्हणाली.

'वर्गात अध्यापन होत नाही,' असा शेरा पडला. मला हसू आलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

छावणीत दुकान असलेले एक वडील पोराचा दाखला न्यायला आले. मॅडम म्हणाल्या, "एक डाव तर खेळून बघा." पाढ्यांचे पत्ते होते. गृहस्थ तासभर खेळले आणि प्रत्येक डाव पोराकडून हरले. जाम खूश झाले.

"पोरगं लई हुशार निघालं, मॅडम. असल्या पोराला इंग्लिश मीडियमलाच टाकाय पाहिजे."

दाखला घेऊनच गेले. त्या दिवशी मॅडमनी डबा उघडला नाही.

शेवटी ऑर्डर आली. पोरं दुसऱ्या शाळेत, मॅडम पिशोरला. शेवटच्या दिवशी चौघंच आली होती. मॅडमनी इतिहासाचा बदाम सात मांडला, स्वतःही पानं घेतली. राज्याभिषेकाचं पान मध्ये, मग मागची-पुढची सालं क्रमानं लावायची. पान हातात असून कुणी पास म्हटलं, तर मॅडम अख्खा डाव मोडायच्या. झूट त्यांना खपत नसे.

"हा डाव संपला की घरी जायचं," त्या म्हणाल्या.

डाव रंगला. १९४७ लागलं. आता १९४८ हवं होतं, मराठवाडा मुक्तीचं पान. त्याच्यावर १९६० पडलं की खेळ संपणार होता.

"पास," पहिली म्हणाली.

"पास."

"माझ्याकडं पण नाय. पास."

चौथ्यानं नुसतीच मान हलवली. सगळे मॅडमकडं बघायला लागले.

मी मॅडमच्या खुर्चीमागं उभा होतो. १९४८ त्यांच्याच हातात होतं.

"पास," मॅडम म्हणाल्या.