एझ्राभाऊंचा शनिवार

एझ्राभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी डेअरीत दुधाची फॅट काढत होतो, म्हणजे नळीत धरून दुधाचा कस बघत होतो. दुखण्यामुळं ते ठाण्याला बहिणीकडं गेले होते; तिथून त्यांचा भाचा डॅनियल बोलत होता. "चेअरमनकाका, मामा पहाटे गेले. दफन दुपारी तीनला आहे." मी म्हटलं, "अरे, जरा थांबवा की, आम्ही निघालोच." तो अगदी हळू म्हणाला, "काका, आमच्यात थांबवत नाहीत." नांदूरघाटाहून ठाण्यापर्यंत आमची जीप त्या दिवशी रस्त्याला टेकलीच नाही, एवढं सांगतो. तरी पोचायला साडेपाच वाजले. माणसं पांगली होती. मातीची ओल अजून गेली नव्हती. मी टोपी सारखी करत उभा राहिलो आणि एकच विचार डोक्यात आला... हा माणूस एकदा आमच्यासाठी थांबला होता. थांबायला नको होता.

मी थापाड्या आहे, हे अख्ख्या केज तालुक्याला ठाऊक आहे. तेव्हा ह्या लेखातल्या प्रत्येक गोष्टीला चार आणे सूट द्यावी, माझी हरकत नाही. फक्त शुक्रवारची गोष्ट येईल तिला देऊ नये.

एझ्राभाऊ म्हणजे एझ्रा म्हसळेकर. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाण्याला हात लावायचे नाहीत, म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. नारळाच्या मुलखातला हा माणूस दूध योजनेचा सुपरवायझर होऊन आमच्याकडं आला तो नेमका दुष्काळात. दुष्काळ असा, की बेडकांची एक अख्खी पिढी पोहायला न शिकता म्हातारी झाली. बाभळीची सावली पातळ पडायची. दुधात पाणी घालणं तर कुणाला परवडतच नव्हतं, दुधापेक्षा पाणी महाग. एझ्राभाऊ नंतर हसत सांगायचे, "चेअरमन, एवढं चोख दूध मी जन्मात तपासलं नव्हतं. मला वाटलं, काय प्रामाणिक तालुका आहे! म्हणून राहिलो. पुढच्या वर्षी पाऊस पडला आणि कळलं." तोवर उशीर झाला होता. सरकारी नोकरी सोडून ते आमच्या सोसायटीचे सचिव झाले होते.

गावात आल्यावर पहिल्याच शनिवारी त्यांनी दुधाला हात लावला नाही. पांढरा सदरा घालून ओट्यावर बसून राहिले. कॅनवाल्यांची रांग खोळंबली. बिरूतात्या, आमचे मेंढरंवाले, मोठ्यानं म्हणाले, "का रं, साहेब रुसले का काय?" एझ्राभाऊंनी समजावलं, की शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी दिवस मावळेपर्यंत आमचा शब्बाथ. काम नाही, प्रवास नाही. बिरूतात्यांनी विचार केला आणि निकाल दिला, "आमी बी सोमवारी नांगर धरत न्हाई. त्यात काय लई मोठं!" त्याच आठवड्यात संचालक मंडळानं ठराव केला, की शनिवारी फॅट आम्ही काढायची, पाळीपाळीनं. पहिली पाळी माझी. माझ्या पहिल्या शनिवारी म्हशीच्या दुधाला शेळीची फॅट बसली आणि अर्धं गाव माझ्यावर काठी घेऊन आलं, ते असो.

अशी बरीच वर्षं गेली. मग पुन्हा एका दुष्काळात डॅनियलनं एक पत्र आणलं. युरोपातल्या एका शहरात जगभरच्या ज्यू समाजांची परिषद होती. कुठल्या देशात किती लोक उरलेत, शाळा, दफनभूमी, म्हातारी माणसं ह्यांचं पुढं काय करायचं, असलं धोरण तिथं ठरायचं होतं. जिथं समाजाचा एकच माणूस आहे, अशा ठिकाणच्या कुणीतरी दहा मिनिटं बोलावं, असं त्यांना वाटत होतं. भाच्यानं मामाचं नाव कळवलं आणि तिकडून तिकीट आलं. एझ्राभाऊंनी ते पत्र माझ्यापुढं ठेवलं. म्हणाले, "चेअरमन, आयुष्यभर मी कुणालातरी आम्ही कोण हे समजावून सांगत आलो. एकदा आपल्याच लोकांना सांगायचं आहे, की मी इथं कसा राहिलो."

आता, सहकारातला माणूस साधा पाटोद्याला निघाला तरी त्याच्यामागं ठराव असतो. हा तर परदेश दौरा! आम्ही अकरा जणांची उपसमिती नेमली. कोट दिंद्रुडच्या एका नवरदेवाचा आणला, लग्न होऊन आठच दिवस झाले होते, खिशात अक्षता होत्या. पासपोर्टाच्या चौकशीला हवालदार आला तर आम्ही ह्यांना ओळखतो, असं सांगायला दीडशे माणसं हजर, शेवटी तोच पाणी मागून पळाला. तिकडचं मटण ह्यांना चालेल का, म्हणून आमच्या घरातून शेंगादाण्याची चटणी आणि वाळवलेल्या भाकरी. आणि बिरूतात्यांनी स्वतःच्या खांद्यावरची घोंगडी काढून दिली. "तितं बर्फ पडतंय म्हणं. कोटानं काय हुतंय, ही घ्या." एवढं सगळं एका बॅगेत बसवलं, ती बॅग बंद करायला तिघं वर बसले होते.

डॅनियलनं विमान मुद्दाम शनिवारी रात्रीचं घेतलं होतं, शब्बाथ संपल्यावरचं. एझ्राभाऊंनी गुरुवारी निघायचं, शनिवार बहिणीकडं ठाण्यात काढायचा, असा सोपा बेत. मीच म्हणालो, "भाऊ, असं चोरासारखं जायचं न्हाई. सत्कार करू. साहेब येणारेत, पण त्यांना शुक्रवारी सकाळीच सवड हाय. सातला हार, साडेसातला गाडी. दिवस बुडायच्या आत तुम्ही ठाण्यात." एझ्राभाऊंनी विचारलं, "साहेबांना माझं एवढं काय?" मी म्हणालो, "त्यांचाच आग्रह हाय."

आग्रह नव्हता. साहेब म्हणजे आमच्या भागातले बडे पुढारी, साखर कारखानाही त्यांचाच. त्यांच्याकडं मी सहा हेलपाटे घातले होते, चारा छावणीसाठी. आमची जनावरं उभ्या उभ्या खाली बसत होती आणि छावणीचा कागद काही हलत नव्हता. नांदूरघाटाला यायला साहेबांना सवड नव्हती. पण परदेशी निघालेल्या माणसाचा सत्कार, फोटो, पेपरात बातमी... ह्याला ते आले असते. मी माझ्या दोस्ताचं गळाला आमिष लावलं. तेव्हा ते मला फार हुशारीचं वाटलं होतं.

शुक्रवारी सातला मांडव भरला. आठ वाजले. नऊ वाजले. एझ्राभाऊ नवरदेवाच्या कोटात घामाघूम होऊन माझ्या कानाशी आले. "चेअरमन, आत्ता निघालो तर पोचू." मी म्हटलं, "फाट्यावर आलेत. पाच मिनिटं." दहा वाजता पुन्हा आले. मी पुन्हा फाटाच सांगितला. त्या दिवशी तो फाटा मी किती वेळा सांगितला असेल... तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. बाजूच्या खुर्चीत बसून राहिले आणि मांडवाच्या फटीतून ऊन कुठवर सरकलं ते बघत होते. साहेब एक वाजता आले आणि तीनपर्यंत बोलले. एझ्राभाऊंविषयी दोन वाक्यं, ती पण नाव चुकवून. आणि मग, टाळ्यांच्या नादात, छावणी जाहीर केली. मांडव उठून नाचला. मी पण नाचलो.

धूळ खाली बसली तेव्हा ड्रायव्हर जीप सुरू करून उभा होता. "बसा भाऊ, उडवत नेतो!" एझ्राभाऊ सूर्याकडं बघून म्हणाले, "नगरच्या पुढं दिवस मावळेल. मग मला रस्त्यात कुठं उतरवणार?" मी म्हटलं, "भाऊ, एक दिवस... देव समजून घेईल." ते माझ्याकडं बघून हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "देव घेईल हो. पण तिथं जाऊन मी सांगणार काय, की शब्बाथ मोडून आलो?" बॅग त्यांनी स्वतः उचलून डेअरीच्या ऑफिसात कपाटावर ठेवली, हार माझ्या हातात दिला आणि घरी जाऊन शब्बाथचा दिवा लावला. डॅनियलनं दुसऱ्या तिकिटासाठी फार धावाधाव केली. मिळालं नाही. परिषद त्यांच्यावाचून झाली, आणि पुन्हा काही बोलावणं आलं नाही.

छावणी मात्र उभी राहिली. त्या वर्षी गावातलं एकही जनावर कसायाकडं गेलं नाही. एझ्राभाऊ रोज छावणीवर जाऊन गुरांच्या पाठीवर हात फिरवायचे. कधीतरी दोन वर्षांनी, फॅट काढता काढता, त्यांनी सहज विचारलं, "चेअरमन, त्या वेळी साहेबांना शुक्रवार कुणी सुचवला होता?" मी म्हटलं, "त्यांच्या पीएनं." "हां," ते म्हणाले. नळी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. "बाकी, पाणी किती आहे ते मला बघताच कळतं." एवढंच. मी आयुष्यभर एवढ्या थापा मारल्या, त्या क्षणी 'शुक्रवार मीच सुचवला होता' एवढं एक खरं बोलायला जीभ उचलली नाही. पुढं पुष्कळ शुक्रवार आले. दर वेळी वाटायचं, आज सांगू. आता काय...

ठाण्याहून आल्यावर मी कपाटावरची बॅग खाली काढली. इतक्या वर्षांत त्यांनी ती घरी नेलीच नव्हती. "राहू द्या, लागेल," म्हणायचे. घोंगडीला कसर लागली होती, भाकरींचा भुगा झाला होता. कोटाच्या खिशात अक्षतांबरोबर भाषणाचा कागद होता. मराठीत, त्यांच्या तिरप्या अक्षरात. डॅनियल तिथं इंग्रजीत वाचणार होता. एका पानाचं भाषण. लिहिलं होतं, की सामुदायिक प्रार्थनेला आपल्यात दहा पुरुष लागतात, माझ्या गावात मी एकटा, म्हणून ती मला इथं कधी करता आली नाही. पण माझा शब्बाथ एकट्यानं पाळलेला नाही. माझं शनिवारचं काम नऊ माणसं करतात, म्हणून मी बसू शकतो. खाली नऊ नावं होती. पहिलं माझं, दुसरं बिरूतात्यांचं. आणि शेवटची ओळ: "धोरण ठरवताना ह्या नऊ जणांना कशात धरायचं, ते परिषदेनं ठरवावं."

परिषदेपुढं तो प्रश्न गेलाच नाही. मी जाऊ दिला नाही.

कागद मी डेअरीत काचेखाली लावला आहे. नऊपैकी आम्ही चौघं उरलो. सचिवाच्या जागी अजून कुणाला नेमलेलं नाही. सोमवार असो, बुधवार असो, सकाळी एकजण उठतो, पाळी विचारतो आणि एझ्राभाऊंच्या स्टुलाशेजारी उभं राहून फॅट काढतो. स्टुलावर कुणी बसत नाही. आमच्याकडं आता रोज शनिवार आहे.